ड्रायव्हरशेजारची सीट

३० एप्रिल, बुध.
परत नापास. भारतीय लायसन्सवरून जपानी लायसन्स काढायची परीक्षा. डावीकडे वळताना मान पुरती मागे वळवली नाही म्हणे. परीक्षक इतका वाकून, नम्रपणे नापास करतो की भांडताही येत नाही. माझी बायको मेघना पहिल्या फटक्यात पास झाली होती. पुण्यात लायसन्स असून स्कूटरशिवाय काही चालवलं नव्हतं बाईंनी. आणि मी गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो!
"पुढच्या वेळी होशील रे," ती. गोड आवाजात. डोकंच फिरलं.

१ मे, गुरु.
फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून गाडीने भटकायचं, हे लग्नाआधीपासूनचं स्वप्न. माझंच. येन असा घसरलाय की आता फ्रान्सऐवजी इथले जपानातलेच हिदाचे डोंगर. भाड्याची गाडी मेघनाच्या नावावर.
संध्याकाळी दुसरा बॉम्ब. ती पार्ट टाइम जाते ते ऑफिस तिला कायम करतंय. पुढच्या गुरुवारपर्यंत उत्तर हवंय. माझं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरात संपतं, पुढचं काही दिसत नाही. तिने नोकरी घेतली तर नागोयात राहता येईल. पण मग व्हिसा तिचा, आणि मी तिचा डिपेंडंट. आजवर उलट होतं.
तोंडाने "अरे वा" म्हणालो. आतून जळलो. इथे तरी खरं लिहितो.

३ मे, शनि.
नागोया ते गुजो. सुट्ट्यांची तुफान गर्दी. मी शेजारी, मांडीवर दशम्यांचा डबा. "लेन बदल" म्हटलं की "बघतेय मी". शेवटी मागून आमचं कन्यारत्न, सई, वय नऊ: "बाबा, उरुसाई!" गप्प बस, इतकं जपानी मलाही कळतं. मेघना हसली. हसायचं काय त्यात?
डोंगरांवर अजून बर्फ, खाली खाचरांत पाणी भरलेलं. सुंदर. बघायला मला वेळच वेळ होता.

४ मे, रवि.
ताकायामाजवळ घरगुती लॉज. मालकीणबाई सत्तरीच्या. सूपमध्ये माशाचा अर्क नको, इथपासून त्यांच्या सुनेपर्यंत मेघनाच्या गप्पा. मी आपला "हाइ, हाइ", म्हणजे हो, हो. आमच्या टीमचं सगळं काम इंग्रजीत चालतं, त्याला मी काय करू.
बाईंनी माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. मेघना बरंच बोलली. सईला हळूच विचारलं, काय म्हणाली गं?
"बाबा ब्रेक्स बनवतो, सो मला चालवायची भीती नाही वाटत, असं."
अशा बाईवर धड जळताही येत नाही. तरी जळतोच आहे.

५ मे, सोम.
शिराकावा. दोन गाड्यांमधल्या चिंचोळ्या जागेत मेघनाने एका दमात रिव्हर्स घेतली. मी उतरून "येऊ दे, येऊ दे" करायच्या तयारीत होतो. गरजच पडली नाही.
गवती छपरांची घरं बघता बघता तिने काढलंच. "तू एकदाही मनापासून अभिनंदन केलं नाहीस."
"अरे वा म्हणालो की."
"ते अरे वा होतं?"
मी म्हटलं, पुण्यात मला आठवड्याभरात नोकरी मिळेल.
"आणि मला?"
सई आइस्क्रीम घेऊन आली म्हणून सुटलो.

६ मे, मंगळ.
परत. बोगद्याआधी गाड्यांची रांग, मुंगीच्या पावलांनी. सई मागे झोपलेली. चार दिवस गाडी चालवून मेघनाचे डोळे लाल. बदली द्यायलाही मी उपयोगाचा नाही.
"परवा सांगायचंय त्यांना," ती म्हणाली. "तू नाही म्हणालास तर नाही सांगेन. पण नंतर कुढत बसायचं नाही. तू नाहीस, मीही नाही."
मी म्हटलं, "हो सांग."
तिने मान वळवली. पूर्ण. माझ्याकडे बघत राहिली. "नक्की?"
पुढची गाडी हलली.
"समोर बघ," एवढंच म्हणालो.
घर येईपर्यंत ती समोरच बघत होती.