जखमेचा रकाना

नाना, काल सुरतेजवळच्या भेस्तानला जाऊन मी तुमचा फॉर्म देऊन आले, आणि आज दुपारी कित्येक दिवसांनी मला जेवण गोड लागलं. नुसती खिचडी होती हो, वर पापड. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आता तुमचा कसला फॉर्म, असं तुम्ही म्हणाल. सांगते. महिन्याभरापूर्वी तिथल्या एका हॉलमध्ये माजी सैनिकांच्या घरच्यांना बोलावलं होतं. सैन्यातले एक निवृत्त डॉक्टर आले होते. त्यांचं म्हणणं असं की, लढाईत गोळी लागली, तोफगोळ्याचा तुकडा लागला, तर जखमींचं पदक मिळतं. मग लढाईनं ज्याचं मन जायबंदी झालं त्याला का मिळू नये? सरकारकडे अर्ज करायचा, आणि सोबत ज्यांच्या घरात असा माणूस होता त्यांनी एकेक फॉर्म जोडायचा. नाव, पलटण, आणि खाली एक रकाना : जखमेचं स्वरूप. मी आयुष्यभर बँकेत लोकांचे फॉर्म भरून दिले, अंगठेबहाद्दरांचे दिले, भांडकुदळांचे दिले. आणि हा एक रकाना मला भरता येईना.

हॉलमध्ये चांगलीच जुंपली, बरं का. एक म्हातारे हवालदार उठले, मिशा अजून कडक, आणि म्हणाले, "साहेब, पदक रक्ताचं असतं. उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल मला झोप येत नाही, द्या पदक. खरं-खोटं बघायचं कसं? एक्स-रे काढणार?" लोकांनी माना डोलावल्या. खोटं कशाला बोलू, माझीही मान हलली. डॉक्टर काही बोलणार तोच मागच्या रांगेतून एक बाई उठली, माझ्याच वयाची, जळगावकडची असावी. म्हणाली, "एक्स-रे कशाला पाहिजे? बावीस वर्षं मी त्यांच्या बाजूला झोपले. मला विचारा ना, काय विचारायचं ते." हवालदार खाली बसले. पण मला मात्र त्या बाईकडे बघवेना म्हणून मी पायाखालची फरशी बघत बसले. कारण ती चारचौघांत जे बोलली, ते आपल्या घरात पन्नास वर्षं कोणी बोललेलं नाही. आपल्या घरात टायफॉईड होता.

मायनं ते वाक्य इतक्यांदा म्हटलंय की मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल. पलटणीत टायफॉईड झाला, ताप डोकामा चढी गयता, म्हणून घरी पाठवलं. आणि पाहुणे गेले की माझ्याकडे बोट, "कोनले सांगू नको." काय सांगायचं नाही तेही धड कळायचं नाही तेव्हा; वेड्यांच्या दवाखान्याचं मोठी झाल्यावर कळलं. मला एवढंच कळायचं, की तुम्ही कामाला होता त्या कडोदऱ्याच्या यंत्रमागाच्या खात्यात चोवीस लूम एकदम सुरू झाले की बाकीचे कारागीर कानात कापूस कोंबायचे, आणि तुमचा चेहरा मात्र निवांत व्हायचा. रजा नाही, सण नाही. शेठ म्हणायचा, आवो माणस नहीं मळे, असा माणूस मिळायचा नाही. आणि एकदा मी डबा घेऊन आले आणि नेमकी लाईट गेली. सगळे लूम एका दमात गप्प. बाकीचे विड्या काढत बाहेर पडले, आणि तुम्ही लूमच्या खाली, उकिडवे, दोन्ही हात डोक्यावर. मी हाक मारते आहे, तुम्ही ओळखत नाही. शेवटी मी डब्याचं झाकण फरशीवर बडवायला लागले. का बडवलं कोण जाणे. पण तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "आज भाजी काय?"

खातंच बंद असायचं त्या दुपारचा बंदोबस्त मायनं केला होता. तिनं कुठून तरी जुनं शिलाईचं मशीन आणलं. तुम्ही आडवे झालात की ती त्यावर बसायची आणि पाय मारत राहायची. सुईत दोरा नाही, खाली कापड नाही, नुसती खटखट. तासभर, दोन तास. तेव्हा कुठे तुमचा डोळा लागायचा. शेजारची गुजराती काकी बिचारी दर दिवाळीला कापड घेऊन यायची, "मासी, मारुं ब्लाउज सीवी आपो ने!" आणि माय म्हणायची, टाइम नथी. अहो, मायला साधी तुरपाई येत नव्हती! काकीनं गल्लीभर सांगितलं की ही बाई फार भाव खाते. माझं काम होतं, कोणी वाकून बघायला आलं तर दारात उभं राहायचं. ते मशीन बघितलं की मला अजून हसू येतं.

आणि ते पंधरा ऑगस्टचं. तुमच्याच पलटणीतले ते काका, ज्यांनी तुम्हाला सुरतेत आणून कामाला लावलं, त्यांची उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. ते शाळेत झेंड्याला यायचे, छातीवर जखमींचं पदक. मी पाचवीत. वर्गातल्या एकीनं विचारलं, तुझे वडील पण होते ना मिलिटरीत, त्यांचं कुठंय? मी घरी आले ती तणतणतच. तुम्ही अंगणात दाढी करत होता. मी विचारलं, "काकांना पदक आहे, तुम्हाला का नाही? तुम्ही पळून आलात का?" मायनं पाठीत असा धपाटा घातला की मी भिंतीवर आदळले. तुम्ही वस्तरा खाली ठेवलात. "मारू नको तिला. विचारलं तेवढंच ना." मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "पदक जखमेला असतं. मला कुठं जखम झाली?" आणि अर्धी दाढी तशीच ठेवून खात्यात निघून गेलात. नाना, मी तेव्हा माफी मागितली नाही. पुढेही मागितली नाही. आणि खरं सांगायचं तर कितीतरी वर्षं मनात धरून होते, की तुम्ही पळूनच आला असाल.

तर तो फॉर्म. तीन आठवडे मी तो डब्याच्या पिशवीत घेऊन हिंडले. भरायचा तर सही करायची, म्हणजे घरात सांगायचं, म्हणजे तुमच्या जावयांना सांगायचं की तीस वर्षांपूर्वी आम्ही त्यांना फसवून माझं लग्न लावलं. आमच्या घरातला माणूस वेड्यांच्या दवाखान्यात राहून आला होता आणि आम्ही टायफॉईड सांगितला. त्या माणसानं मला कधी एका शब्दानं दुखवलेलं नाही, हेच तर अवघड. माझ्याकडे बघण्याची त्यांची नजर बदलली तर? त्या विचारानं मला अन्न गोड लागेना. शेवटी गेल्या रविवारी सकाळी ते वालपापडीच्या शेंगा सोलत बसले होते, मी समोर बसले आणि म्हटलं, "लग्न ठरवताना आम्ही तुमच्याशी खोटं बोललो होतो." त्यांनी शेंग मोडली, दाणे ताटात टाकले आणि विचारलं, "टायफॉईडचं ना?"

मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? ते म्हणाले, "साखरपुड्याच्या आधी नानांनी मला खात्यात बोलावलं होतं. लूम चालू. मला वाटलं काम दाखवतायत. त्यांनी माझ्या कानाला तोंड लावलं आणि ओरडून सांगितलं. मला काही ऐकू येईना. मी म्हटलं, काय? त्यांनी परत सांगितलं. मी परत, काय?" नाना! तीन वेळा सांगायला लावलं हो तुम्हाला! "तिसऱ्यांदा ऐकू आलं. म्हणाले, मला लढाईत लागलंय. अंगाला नाही, डोक्याला. सात महिने वेड्यांच्या वॉर्डात होतो. गोळे पडत होते तेव्हा काही वाटलं नाही, पण ते थांबायचे आणि सगळं गप्प व्हायचं, की समजायचं आता शत्रू चढून येणार. ते गप्प होणं अजून कानातून जात नाही. पोरगी चांगली आहे. मोडायचं तर आज मोडा, पण तिला कारण दुसरं सांगा." मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?" ते म्हणाले, "काय म्हणणार? बिचाऱ्या माणसाला तीनदा ओरडायला लावलं होतं. मी हो म्हटलं. मग त्यांनी मला बाहेर नेऊन बशीभर गरम लोचो खाऊ घातला आणि शपथ घातली, तिला कळू द्यायचं नाही."

आधी मी चिडले. चांगली चिडले. म्हटलं, तीस वर्षं! तीस वर्षं मी तुमच्या आईसमोर, बहिणींसमोर तो टायफॉईड सांगत होते आणि तुम्ही शेजारी बसून चहा पीत होतात? ते म्हणाले, "तू छान सांगायचीस." मग मला जे हसू आलं ते थांबेना, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. पापडीचं ताट बाजूला सरकवून ते माझ्याजवळ येऊन बसले. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात ना, तसं खरंच झालं. आणि दवाखान्याचं त्यांना आधीच ठाऊक होतं याहूनही मोठं सुख कशाचं वाटलं सांगू? मला लागलंय, असं तुम्ही स्वतःच्या तोंडानं म्हणाला होतात. मला त्या अंगणात खोटं सांगितलंत, पण तुम्हाला खरं ठाऊक होतं. तुम्ही पळून आला नव्हता, आणि पळून आलो असं स्वतःला समजतही नव्हता.

पदकाचं म्हणाल तर त्या हवालदारांचं म्हणणं मी अजून पुरतं खोडून काढू शकत नाही. खोटे येतील, येणारच. खोटे कुठे येत नाहीत? आमच्या बँकेत या एकदा. आणि तुम्हाला पदक दिलं असतं तरी तुम्ही ते तांदळाच्या डब्यात तळाशी टाकलं असतं, हे मला माहीत आहे. त्यानं तुम्हाला झोप लागली नसती. पण पदक असतं तर मायला टायफॉईड शोधून काढावा लागला नसता. काकांच्या तीन बोटांबद्दल त्यांच्या बायकोला कधी काही लपवावं लागलं का? ती तर कोणी विचारायच्या आधीच सांगायची. मायनं दोऱ्याशिवायचं मशीन चालवलं, आणि मी दारात उभी राहिले. हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, एवढं रकान्यात मावणार नाही, मागच्या बाजूला लिहा. रकान्यात मी लिहिलं, "लढाईत डोक्याला लागले." आणि खाली सही केली. मिळेल न मिळेल, सरकारचं काम, आपण कशाला आस लावून बसायचं.

मायचं विचाराल तर ती बरी आहे, आता माझ्याकडेच असते. ऐकू कमी येतं, पण जीभ शाबूत. परवा खालच्या मजल्यावरची नवी सून आली होती, तिनं तुमच्या फोटोकडे बघून विचारलं, आणि माय सुरू झाली. तुमचे जावई गंभीर चेहरा करून विचारतात, "किती होता हो ताप?" माय म्हणाली, "एकशे पाच!" मला उठून आत जावं लागलं. आत्ता ती पलीकडच्या खोलीत झोपली आहे, आणि ती उठायच्या आत हे कागद फाडून टाकायला हवेत, कारण चष्मा लावून ती सगळं वाचते. सरकारला सांगून झालं, तुमच्या जावयांना तर आधीच ठाऊक. पण जे गुपित तिनं पन्नास वर्षं जिवापाड सांभाळलं, ते तुम्ही स्वतःच लूमच्या आवाजात तीनदा ओरडून सांगितलंत, हे मायला सांगायची माझी हिंमत नाही. तुमची तरी कुठे झाली, नाना.