आईच्या हातची चव, म्हणे

आये, तुझ्या हाताला फार चव होती म्हणे. सगळ्या चाकणला कळलंय, तुझ्या पोरीला मात्र आत्ताच कळलं, म्हणून तुलाही सांगते. मी बोलते आहे आणि माझी नात लिहिते आहे. ती माझं बोलणं जरा धुऊन-पुसून कागदावर ठेवते, ठेवू दे. यातल्या निम्म्या शिव्या तिलाच आहेत आणि लिहायच्याही तिलाच आहेत. थांबू नको गं, लिही.

जाहिरात हा शब्द आपल्या घरात कसा शिरला, आठवतं का तुला? रस्त्याकडच्या आपल्या भिंतीवर एक रंगारी दंतमंजन रंगवायला आला होता. तू बाजारात दिवसभर कांदा निवडून आलेली, पदराला टरफलं चिकटलेली. उंबऱ्यात टेकतेस आणि त्याला विचारतेस, "काय लिवतुयास रं आमच्या भिताडावर?" तो म्हणतो, "जाहिरात." "म्हंजी?" "म्हंजी आपल्या मालाची तारीफ आपुनच करायची, मावशी." तू म्हणतेस, "आन् लोकांनी न्हाई केली तर?" "म्हणून तर आपुन करायची!" तू इतकी हसलीस की त्याच्या हातातला कुंचला थांबला. त्या दिवसापासून तो शब्द तुझ्या तोंडात बसला तो बसलाच. थोरली काकू नव्या बांगड्या वाजवत दारात आली की तू चुलीपाशी पुटपुटायचीस, "आली बघ जाहिरात." आणि मी विहिरीवर बायकांना सांगितलं, आमच्यात आमटी म्हणजे नुसतं पाणी असतंय, तेव्हा माझा कान पिळून म्हणालीस, "घरातली जाहिरात गावभर कशाला करतीस गं?" आमटी खरंच पाणी होती, आये. पाणी, मीठ आणि बुडाला लागल्याचा वास. भाकरी एका अंगाने करपलेली, दुसऱ्या अंगाने कच्ची. आबा खाली मान घालून जेवायचे आणि तांब्याभर पाणी प्यायचे. तुला चूल आवडतच नव्हती. तुला बाजार आवडायचा, तिथला गलका आवडायचा, अडत्याशी भांडण आवडायचं. हाताला कांद्याचा वास होता, चव कुठली?

आता या गावांत भिंती उरल्या नाहीत, नुसत्या जाहिराती उभ्या आहेत. आम्ही पुनावळ्याला राहतो, आभाळात. खाली उतरलं की प्रत्येक खांबावर कुणीतरी हात जोडून दात काढतोय. कुणाचा वाढदिवस, कुणाची सोसायटी, कुणाची शाळा. मला अक्षर येत नाही, पण जाहिरात वाचता येते. जो विनाकारण हसतो, तो काहीतरी विकतो. शेजारच्या घरातला पोरगा मात्र रोज कुणाला तरी फोनवर विचारतो, "जाहिरात निघाली का?" तो सरकारी नोकरीची वाट बघतोय. तेवढी एक जाहिरात मला खरी वाटते, कारण ती निघत नाही.

तर ही नात. शिकली, आणि चाकणच्या एका मसाल्याच्या कंपनीत लागली. काम काय, तर लोकांना मसाल्याबद्दल खोटं सांगणं. अजून कायम झालेली नाही, म्हणून साहेबाला खूश करायला बोलून बसली, "माझी आजी अस्सल गावाकडची आहे, जाहिरातीसाठी तिलाच आणते." मला न विचारता! शेळी बाजारात न्यावी तशी मला गाडीत घातली.

एका शेडमध्ये त्यांनी आपल्या जुन्या घरासारखं घर मांडलं होतं. चूल थर्माकोलची. जाळ म्हणजे लाल कागद आणि खालून पंखा. मी विचारलं, "सारवलंय कुणी?" तर म्हणे, "आजी, पेंट आहे." मला कडक नऊवारी नेसवली, नाकात एवढी मोठी नथ अडकवली. समोरच्या वाडग्यात आमटी होती, चकाकावी म्हणून वरून तेल सोडलेली, खायची नव्हेच. मग टोपी घातलेला एक बाप्या म्हणाला, "आजी, एकच वाक्य. चव घ्यायची आणि म्हणायचं, अगदी माझ्या आईच्या हातची चव!"

"माझ्या आईच्या हाताला चव न्हवती," मी म्हटलं.

सगळी शेड हसली. बाप्याला वाटलं म्हातारी लाजते. "आठवा ना आजी. कशी लागायची आईची आमटी?"

"खारट. आन् करपट."

"आजी, लोकांना असली आई नको असते हो."

"मंग लोकांना दुसरी आई द्या. माझी कशाला घेता?"

नात कोपऱ्यात उभी होती, ओठ चावत. जवळ येऊन कानात म्हणाली, "आजी, माझ्यासाठी. एकदाच." काय करणार, आये? तू असतीस तर नथ काढून त्याच्या हातावर ठेवली असतीस. मी चमचा उचलला आणि म्हटलं. "माझ्या आईच्या" इथवर आले आणि पदर डोळ्यांना लावला. बाप्या टाळ्या वाजवत ओरडला, "काय अॅक्टिंग आहे!" मेल्याला काय कळतंय. इतक्या वर्षांत मला तुझ्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नव्हता, आणि विचारला तो असल्यांनी.

आता चाकणच्या चौकात माझं थोबाड लटकतंय, खालून कंपनीच्या बसा जातात. मसाल्याच्या पाकिटावर आई म्हणून एक गोरीगोमटी, गुबगुबीत बाई छापली आहे. मी नातीला विचारलं, "ही कोण भवानी?" म्हणे, "आजी, ती कंप्युटरनं केलीय." करा. कांद्याचा वास काही कंप्युटरला येत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही, आणि जिला येतं तिचा आता भरवसा राहिला नाही. फक्त एक सांगते. परवा घरात कुणी नव्हतं, तेव्हा मी ते पाकीट फोडलं. आमटी केली, पाणी भरपूर घातलं, वरून मीठ ओतलं आणि मुद्दाम बुडाला लागू दिली. मग बसून सगळी प्याले. कुणापाशी बोलू नको हं, आये. याची जाहिरात नको.