आई तिथे बोलते

चि. भाग्येश,

अर्धांगाच्या झटक्यानंतर आई एक शब्दही बोललेली नाही. काल अर्चनाने मला फोनवर दाखवलं, आई तिथे रोज बोलते. फोटो आईचा आहे, नाव मात्र भलतंच, राहीबाई. कारखान्यांत कामाला आलेल्यांच्या बायका आमच्या वाडीतले चिकू चोरतात, त्यांना खोल्या देऊ नका, असं ती लिहिते. खाली हजारो लोक तिला शाबासकी देतात. पाम गावात दोन घरांनी भाडेकरू काढलेसुद्धा.

फोटो मी लगेच ओळखला. दिवाळीत तू तिला चिकूखाली बसवून काढला होतास. नवं लुगडं मीच नेसवलं होतं. तुझं काम प्रचाराचं आहे, एवढंच मला माहीत होतं.

अर्चना बीडची, नवरा इथल्या कारखान्यात, आपल्या मागच्या खोलीत भाड्याने राहायची. आईला दोन्ही वेळा पेज तीच भरवायची. मी म्हटलं, "हे आईचं नाही गं, भाग्येशचं आहे."

"लेक काय मनानं लिव्हतोय व्हय, ताई? घरात बोलणं झालंच असंल."

मग ती आईसमोर बसली. "म्हातारे, मनात हे होतं तर माझ्या हातचं कशाला खात होतीस?"

आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. अर्चनाला ती कबुली वाटली. आज तिने खोली सोडली.

हे तुला पाठवणार नाही. तू यालाही आईचा फोटो लावशील.

आई माझ्या हातून पेज घेत नाही. चमचा जवळ नेला की ओठ मिटते आणि मागच्या दाराकडे बघत राहते.

विजयाताई