वळणापर्यंतची फेरी

ता. ४ फेब्रुवारी

चि. साहेबीणबाईंस,
अ. आ. फोन तू मध्येच ठेवतेस, म्हणून कागद खराब करतो आहे. माझा गुडघा तसाच आहे. लेक-जावई सांभाळून घेतात.

बंधाऱ्याच्या जाळीवरचा कचरा काढणारा फिटर अजून मला धरून आहे. तू वीजघराची मुख्य झाल्यापासून वळणापर्यंतची फेरी बंद केलीस, असं त्यानं कळवलं. बंधाऱ्याचं पाणी टर्बाइन फिरवून खाली नदीत सुटतं, ते सोडण्याआधी रोज, बावीस वर्षं, मी काठाकाठानं वळणापर्यंत चालत जायचो. पात्रात कोणी धुणं धुवत असेल, जाळं लावून बसलं असेल, त्याला हाताला धरून वर काढायचो आणि परत येऊन मगच पाण्याचं दार उघडायचो. तू नुसता भोंगा वाजवतेस आणि पाणी सोडून मोकळी होतेस. चार बुकं शिकलीस म्हणून नदी तुझं ऐकेल असं समजू नकोस. उद्यापासून फेरी सुरू कर.

लोभ असेल तेवढा असावा.
दादा

ता. ११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. पत्र पोचलं. त्यात आशीर्वाद एक आणि हुकूम दहा निघाले.

तुझ्या फेरीपायी यंत्र रोज चाळीस मिनिटं उशिरा फिरायचं. दिवेलागणीला गावाला वीज हवी असते आणि यंत्रचालक नदीकाठी हवा खातोय. नवा भोंगा मी स्वतः निवडून बसवलाय, कोसभर ऐकू जातो. फेरी नियमांत कुठंच नाही. ती तुझी लहर होती, आणि तुझ्या लहरी घरानं पुष्कळ झेलल्या. मी या खुर्चीत बसू नये म्हणून वरिष्ठांचे कान कोणी भरले, तेही मला ठाऊक आहे.

आणि नदीची भीती मला शिकवू नकोस. आबा मासे धरताना भोवळ येऊन त्याच पात्रात गेले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तू तिसऱ्या दिवशी कामावर हजर. ते मी विसरलेले नाही.

कळावे. लोभ आहे तेवढाच पुरे.
धाकटी

ता. १७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. वाद नको. एकदा वळणापलीकडच्या सपाट खडकावर जाऊन उभी राहा आणि फिटरला भोंगा द्यायला सांग. घड्याळ बरोबर ने. मग मला खुशाल मूर्ख म्हण.
दादा

ता. २५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. उभी राहिले. ठरलेल्या वेळेनंतर सात मिनिटं थांबले. पाण्याच्या खळखळीशिवाय काही ऐकू आलं नाही. सगळा आवाज वळणावरचा कडा अडवतो. फिटर झोपला म्हणून मी त्याला शिव्या घालत होते, तेवढ्यात पाणी गुडघ्याला लागलं; त्यानं भोंगा देऊन नेहमीसारखं दारही उघडलं होतं. कशीबशी काठाला लागले. एक चप्पल गेली.

दुसऱ्या दिवसापासून फेरी सुरू केली आहे. तू जिंकलास असं समजू नकोस. ती नियमांत घालायची तर कधीपासूनची हे पाहावं, म्हणून जुन्या नोंदवह्या काढल्या. पहिली नोंद तुझ्या अक्षरात आहे, 'वळणापर्यंत पाहून आलो, पात्र मोकळं.' आबा गेल्यानंतरचा तो तिसरा दिवस. त्याआधी एकही फेरी नाही. आबा गेले त्या दिवशी फक्त 'भोंगा दिला, दार उघडलं' आणि खाली तुझी सही.

आबांना भोवळ आली हे कोणी पाहिलं होतं? उलट टपाली कळव.
धाकटी

ता. ३ मार्च

धाकटे,
आशीर्वाद द्यायला हात उचलवत नाही. कोणीच पाहिलं नव्हतं. भोवळ मी सांगितली. आबा त्याच खडकावर बसायचे, हे मला माहीत होतं. भोंगा त्यांनी ऐकला असेल असं धरून चाललो.

वरिष्ठांचे कान मीच भरले. ती वही तुझ्या हाती लागू नये, एवढंच होतं.

लोभ मागायला मला तोंड नाही. फेरी चुकवू नकोस.
दादा

ता. ९ मार्च

दादास,
आज वळणापाशी दोघी धुणं धुवत होत्या. त्यांना वर काढलं, मग दार उघडलं.

तुला माफ केलेलं नाही. आईला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते तुलाच तिच्यासमोर बसून सांगावं लागेल. रविवारी सकाळी गाडी पाठवते. गुडघ्याची सबब चालणार नाही.
धाकटी