उघड्या दाराला आदळणारा माणूस

उमरगा, मंगळवार

तीर्थस्वरूप शिवकांताआत्यांस विरेशचे शरणु. तुमची साखर आटोक्यात आहे ना? इकडं अण्णांचा रक्तदाब बरा आहे, स्वभाव होता तसाच आहे.

मी काय करतो, असं तुम्ही मागं आईला फोनवर विचारलं होतं. (ती म्हणाली, रेघा ओढतो. खोटं नाही.) मी मोबाईलवरचे खेळ बनवतो. खेळातल्या प्रत्येक चित्राभोवती न दिसणारं कुंपण घालावं लागतं. माणूस आदळतो तो चित्राला नव्हे, त्या कुंपणाला. ते आखायचं सॉफ्टवेअर असतं. बटण दाबलं की आपलं आपण आखतं, पण अंदाजानं. माझ्या खेळातला माणूस गावोगाव लग्नपत्रिका वाटतो. त्यातल्या बकरीचं कुंपण मोठं झालं, तर ती दोन हात लांबूनच ढुशी मारायला लागली. (अण्णा म्हणाले, "बकरी बेस हाय, राहू दे.")

शेवटचं घर मी तुमचं काढलं, तुळजापूरचं, निळं दार सताड उघडं. तपासायला अण्णांना बसवलं. त्यांचा माणूस त्या दारात नऊ वेळा आदळला. अण्णा तापले, "दार उघडं हाय की रं! मग ह्यो आत का जाईना?" चूक माझीच. बटण दाबून मी अख्ख्या घराभोवती एकच चौकोन घातला होता, रेघ दारावरूनही गेली होती. तसं सांगितल्यावर अण्णांनी मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाले, "आपल्या निकीच्या लग्नाची पत्रिका म्या सख्ख्या बहिणीला, शिवकांताला, फोनवर धाडली. घरी जाऊन अक्षता द्यायला पायजे हुत्या." तुमचं-त्यांचं बोलणं बंद झाल्यापासूनच्या दोन वर्षांत हे मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला त्यांचं फार वाईट वाटलं. त्या रेघेचा एकेक बिंदू हातानं सरकवून मी दार मोकळं केलं. अण्णांनी मात्र खेळ पुन्हा हातात घेतला नाही.

तुमचा,
विरेश

ता.क. निकिताच्या मुलीचं बारसं रविवारी आहे. अण्णा शुक्रवारी त्याचं आमंत्रण आणि लग्नाच्या वेळी राहिलेल्या अक्षता घेऊन तुमच्याकडं यायला निघणार आहेत.

ता.क. २. निघणार म्हटलंय, पोचणार म्हटलं नाही. याआधी ते तीनदा निघाले, तुमच्या गल्लीच्या तोंडावरच्या हॉटेलात चहा घेतला आणि पुढच्या एसटीनं परत आले. (आईनं सांगितलं, त्यांना कळू देऊ नका.) शुक्रवारी अकराच्या सुमारास तुम्हीच त्या हॉटेलात जाऊन बसा, आत्या. भांडायचं असेल तर घरी नेऊन भांडा.