दोन दारं, दोन कमानी

आयोवा,
रविवार, २९ मे १९२७

चिरंजीव टोगर यास,

थोरल्या भावाचा, म्हणजे लाउस्टचा, आशीर्वाद. तुझी प्रकृती उत्तम असेलच. नसती तर तुझ्या बायकोने कळवलं असतं, कारण तू स्वतः वर्षाला तीन ओळी लिहितोस आणि त्यातली एक पावसापाण्याची असते. माझी विचारशील तर गुडघा, छाती आणि उजवा कान, या क्रमाने बिघडत चाललं आहे. (डॉक्टर म्हणतो काहीही झालेलं नाही. पण तो स्वीडिश आहे, आणि आपण डॅनिश.) तुझी बोडिलवहिनी ठणठणीत आहे. ती नेहमीच ठणठणीत असते, आणि माझ्या प्रकृतीचं निम्मं कारण तेच आहे.

गेल्या मंगळवारी आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. आपल्या गावची रीत तुला ठाऊकच आहे: पहाटे शेजारी गुपचूप येतात, दाराला हिरव्या फांद्यांची कमान बांधतात, गाणी म्हणून म्हातारा-म्हातारीला उठवतात, ती दोघं हातात हात घालून कमानीखालून बाहेर येतात, आणि मग शेजारी घरातलं होतं नव्हतं ते खाऊन जातात. इथेही तसंच चालतं. गुपचूप म्हणजे काय, तर महिनाभर आधीपासून जो भेटेल तो मला विचारत होता, "लाउस्ट, तुझा कुत्रा पहाटे भुंकतो का रे?" मी म्हटलं, भुंकतो, आणि चावतोसुद्धा. तरी आले.

आता घोळ असा की आपल्याकडे गाव एक, इथे दोन. आम्ही डॅनिश माणसं समुद्र ओलांडून आलो ते एकत्र राहायला, आणि भांडायला दुसरं कोणी मिळेना म्हणून आपसातच भांडलो. तेहतीस वर्षांपूर्वी एका चर्चची दोन चर्चं झाली, रस्त्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक. अलीकडचे हसरे: गातात, नाचतात, पत्ते कुटतात आणि देव आपल्याच घरचा आहे असं धरून चालतात. पलीकडचे सोवळे: नाच पाप, पत्ते पाप, आणि मोठ्याने हसणं पापाच्या वाटेवर. मी हसऱ्यांत आहे (माझ्याकडे पाहून कुणाला पटत नाही), बोडिल सोवळ्यांत. ती तिकडे गेली कारण तिच्या टायफॉइडमध्ये त्यांचा पाद्री अकरा दिवस उशाशी बसला होता, आणि आमचा पाद्री त्या आठवड्यात नाचाच्या हॉलच्या फळ्या गुळगुळीत करून घेत होता. यावरून मी तिला आजवर एक शब्द बोललेलो नाही. ती मला रोज बोलते.

हेही एक वेळ चाललं असतं. पण दफनभूमीही दोन आहेत, आणि मध्ये तोच रस्ता. मास ओव्हरगोर म्हणून सोवळ्यांचा पुढारी आहे (त्याचा चेहरा नेहमी दुसऱ्याच्या अंत्ययात्रेला निघाल्यासारखा), तो मला गिरणीत गाठून म्हणाला, "लाउस्ट, त्या दिवशी तू ज्या कमानीतून निघशील, त्याच बाजूला शेवटचा निघशील. बोडिल तर आमच्याकडेच झोपणार. रस्ता काही अरुंद होणार नाही." एवढं बोलून त्याने पिठाचं पोतं उचललं आणि गेला. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. पन्नास वर्षं एका पलंगावर काढायची, आणि पुढे कयामतीपर्यंत मध्ये मोटारींची धूळ. तिला एकटीला झोप लागत नाही, टोगर. ती कबूल करणार नाही, पण लागत नाही.

तर मंगळवारी पहाटे हसरे पुढच्या दाराशी आले आणि सोवळे स्वयंपाकघराच्या. हसऱ्यांची कमान सीडरच्या फांद्यांची होती. या सपाट मुलखात सीडर कुठून आणला म्हणशील, तर वारा अडवायला वीस वर्षांपूर्वी मी लावलेल्या झाडांचा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. सोवळ्यांनी फांद्या स्वतःच्या आणल्या होत्या, पण वर पाटी लावली होती ती अंतिम न्यायाच्या वचनाची. मग इकडून एस्किल्ड ब्रूनने फिडल काढून वसंतातल्या सकाळचं गाणं धरलं, आणि तिकडून मासने मरणाचं. हे चढले की ते चढत. उजव्या कानाने कमी ऐकू येतं याचं मला आयुष्यात पहिल्यांदा समाधान वाटलं.

बोडिल काळा रेशमी झगा घालून तयार. मी म्हणालो, "चल, पुढच्या दाराने जाऊ."

"त्या फिडलखालून? मी नाही येत."

"मग त्या न्यायाच्या पाटीखालून मीही नाही येत."

"मग बसा. पन्नास वर्षं बसलाच आहात."

बसलो. टेबलावर सात तऱ्हांचे केक मांडलेले, बाहेर साठ माणसं, आणि कुणाला आत घ्यावं तर आधी कुठलं दार उघडायचं हा प्रश्न. तेवढ्यात तिला साय तळघरात राहिल्याची आठवण झाली. ती खाली उतरली, कंदील धरायला मी मागोमाग. वादळ आलं की अंगणातून थेट तळघरात उतरता यावं म्हणून तिथे वर उघडणारं झाकण आहे. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "ढकला." मी ढकललं. "जोर लावून ढकला, पाव मळत नाही आहात." शेवटी तिनेच खांदा लावला आणि आम्ही डुकरांच्या कुंपणापाशी उजेडात आलो, केसांत जळमटं, तिच्या झग्याला बटाट्याचे कोंब. तिने माझा हात धरला होता. (पायऱ्या उंच आहेत.) दोन्ही दारांशी माणसं रिकाम्या घराला गाणी ऐकवत होती.

मास वळून म्हणाला, "ही दोघं कुठून निघाली म्हणायची?"

"बटाट्यांकडून," एस्किल्ड म्हणाला.

मग सगळे एकाच टेबलाला बसले, कारण केक एकाच टेबलावर होते. समेट वगैरे झाला असं समजू नकोस. हसरे भिंतीच्या बाजूला, सोवळे खिडकीच्या, आणि बदामाच्या केकवर तेवढे दोन्हीकडचे हात एकत्र. जाताना मास म्हणालाच, "कमान चुकवलीत. जमीन चुकवता येत नाही." मी त्याला आणखी एक केक बांधून दिला. माणसाने अशा वेळी काय करावं?

तर इकडील सर्व क्षेम. तुझ्या बायकोस माझा आशीर्वाद, गाईस चारा, आणि तुला तीन ओळींवर चौथी लिहिण्याची बुद्धी होवो.

तुझा,
लाउस्ट

ता. क. खरं काम राहिलंच. सोवळ्यांचा पाद्री मला बोडिलशेजारी जागा द्यायला तयार आहे, पण नाच आणि पत्ते सोडल्याच्या कागदावर सही हवी, आणि त्यांच्या भजनांच्या छोट्या पुस्तकातली सहा गाणी तोंडपाठ म्हणून दाखवायची. सही मी करून ठेवली आहे, अजून दिलेली नाही. (नाच गुडघ्याने अकरा वर्षांपूर्वीच सोडला, आणि पत्त्यांत एस्किल्ड लबाडी करतो.) ते पुस्तक इथे विकत घेतलं तर तासाभरात दोन्ही चर्चांना कळेल. तेव्हा एक प्रत लोकरी मोज्यांत गुंडाळून पाठव. कुणाला बोलू नकोस. बोडिलला तर मुळीच कळता कामा नये.

ता. क. २. बोडिलला कळलं. या पाकिटासाठी तिकीट शोधायला तिने खण उघडला, त्यात तो कागद. उभ्याउभ्या वाचला. म्हणाली, "हे माझ्यासाठी?" मी म्हटलं, गुडघ्यासाठी. दुपारभर ती नुसती भांडी घासत होती, घासलेलीसुद्धा. आता डोक्यावर टोपी घालून म्हणते, "गाडी जुंपा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हातभर खणून बघू. जिकडे पाणी लागत नाही तिकडे दोघं. माझ्या सांध्यांना ओल सोसत नाही. बाकीचं काय ते वर गेल्यावर मी देवाशी बोलेन." मी म्हटलं, अगं, आज रविवार, दोन्ही चर्चांची संध्याकाळची प्रार्थना सुटायची वेळ, सगळे बघतील. "मग बरंच झालं," म्हणाली, "एकदाच सांगावं लागेल."

तेव्हा पुस्तक पाठवू नकोस. ती फावडं घेऊन गाडीत बसली आहे, आणि लगाम तिच्या हातात आहे.