तात्यांचं उघडं लॉगिन

३ डिसेंबर, बुधवार
आकारामतात्या आजही लॉगआउट न करताच डबा खायला गेले! साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातले सगळ्यांत जुने ऑपरेटर, फौजेतून आलेले, या महिनाअखेर निवृत्त होणार. मुख्य सर्व्हर सताड उघडा! बोलले तर म्हणतात, "आगं क्रांती, परत आत यायचं म्हंजी लय टायपाय लागतंय." डोकं फिरतं माझं.

५ डिसेंबर, शुक्रवार
विभागप्रमुख उदयसिंहसाहेबांनी बोलावलं. "दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की लॉगिन आपोआप बंद झालं पाहिजे. सोमवारी करा. नीट झालं तर तुमची कायमची ऑर्डर काढतो."
चार वर्षं कंत्राटावर काढली! दहिवडीला आईला लगेच कळवावंसं वाटलं. पण आधी कागद हातात येऊ दे.

८ डिसेंबर, सोमवार
शेण खाल्लं.
पॅम म्हणजे सर्व्हरच्या दारावरचा वॉचमन — कोणाला आत घ्यायचं ते तो ठरवतो. त्याच्या फायलीत माझी एक ओळ चुकली आणि तो कुणालाच आत घेईना. मलाही! फाईल बदलताना आपलं एक लॉगिन उघडं ठेवायचं, हा या कामाचा पहिला धडा. मी शहाणी, सेव्ह करून बाहेर पडले.
बाराला पाळी बदलली. काट्यावरच्या नव्या माणसांचं लॉगिनच होईना. वजन बंद, उसाचे ट्रॅक्टर गेटबाहेरपर्यंत.
तात्या म्हणाले, "माजं लॉगिन चालूच हाय की."
त्यांच्या खुर्चीत बसून ओळ दुरुस्त केली. अठरा मिनिटांत काटा सुरू. मग रडले. "गप गं पोरी. चहा घे."

१० डिसेंबर, बुधवार
चौकशी. साहेबांनी नोंदी काढल्या — तात्यांचं लॉगिन सव्वीस दिवस सलग उघडं, आणि फाईल शेवटची बदललेली त्यातूनच! ती माझी दुरुस्ती.
"तात्या, तुम्ही हात घातलात?"
"व्हय साहेब. चुकून झालं."
मी शेजारीच उभी होते. ते तसंच होऊ दिलं. लाज वाटते लिहितानाही.
बाहेर आल्यावर म्हणाले, "माजं एकवीस दिस ऱ्हायल्यात. तुझं समदं म्होरं हाय."

११ डिसेंबर, गुरुवार
तात्यांना घरी बसवलं. निरोप समारंभही रद्द.

१२ डिसेंबर, शुक्रवार
कायमची ऑर्डर मिळाली. तिच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर सोमवारचं सगळं खरं लिहिलं, सही केली आणि साहेबांच्या हातात दिली.